खासगी रानाला कायमचे अभय

सावित्रीच्या खोऱ्यात, महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारांवरचे बरेचसे रान सरकारी नाही. ते शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावर आहे. घरात पैशाची नड आली की ते जळाऊ लाकडासाठी तोडले जाते.

अशी जमीन मालकी न बदलता राखता येते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये २००२ च्या दुरुस्तीने ‘सामुदायिक राखीव क्षेत्रा’ची तरतूद आली. गावाने किंवा एकट्या मालकाने स्वेच्छेने तयारी दाखवली, तर राज्य सरकार ती जमीन तसे घोषित करते. त्यानंतर व्यवस्थापन समितीचा ठराव आणि सरकारची मंजुरी यांशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. हे बंधनच या तरतुदीचा प्राण आहे. २०२२ च्या दुरुस्तीनुसार खासगी जमिनीवरच्या समितीत मालकालाही स्थान मिळाले.

तरीही मालक कचरतात, आणि त्यांची धास्ती खरी आहे. राज्याच्या १९७५ च्या कायद्याने अनेक खासगी वने ३० ऑगस्ट १९७५ पासून सरकारजमा झाली होती.

शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वर भागात, पुण्याच्या ‘अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन’ने वेगळी वाट काढली: मालकांशी संवर्धन करार करायचा आणि तोड थांबवल्याचा मोबदला द्यायचा. करार मुदतीचा असतो, म्हणून तो कायमचे अभय नव्हे. पण जुने बेहडे उभे राहतात आणि त्यांच्या ढोलीत धनेशाला घरटे मिळते. असे रान पाहायला आलेल्या पाहुण्यांना मात्र विणीच्या काळात ढोलीपासून दूरच ठेवावे लागते, कारण आत बंदिस्त बसलेल्या मादीला नरच चारा भरवतो.