एक्मो : उसनं फुप्फुस
श्रीरामपूर भागात ऊसतोडीच्या हंगामात अंधारात उभ्या ट्रॉलीवर दुचाकी आदळली, की छाती चेपते. फुप्फुसांत रक्त साचतं, कधी व्हेंटिलेटरही पुरत नाही. मग उरतं एक्मो. मांडीच्या मोठ्या शिरेतून काळपट रक्त बोटाएवढ्या जाड नळीने बाहेर येतं, कृत्रिम फुप्फुसातून फिरतं आणि लालभडक होऊन परततं. प्रौढातलं पहिलं यश अपघातग्रस्ताचंच : १९७१, कॅलिफोर्निया, २४ वर्षांचा मोटारसायकलस्वार, ७५ तास यंत्रावर. खरी गोची हेपॅरिनची. नळीत रक्त गोठू नये म्हणून ते द्यावं, तर जखमा वाहतात. डोक्याला मार असेल तर विचारूच नका! आता लेप दिलेल्या नळ्यांमुळे काही काळ त्याशिवाय निभावतं. ही सोय मुख्यतः मोठ्या शहरांत. तिथवर जिवंत पोचण्यासाठी अपघात दिसताच आधी १०८ लावा.