जुना लॅपटॉप, नवे पायथॉन

भंडाऱ्यात किंवा तुमसरला घरच्या जुन्या लॅपटॉपवर अजून विंडोज ७ असेल, तर पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची ताजी आवृत्ती त्यावर बसतच नाही. तिथे चालणारी शेवटची मालिका ३.८; ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या ३.९ ला किमान विंडोज ८.१ लागते. व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या एडिटरनेही आवृत्ती १.७० नंतर विंडोज ७ ची साथ सोडली. अशा वेळी शिकणाऱ्याने आपल्या कोडमध्ये चूक शोधत बसू नये. यंत्रावर हलके लिनक्स टाकणे, हा फुकटातला उपाय.

नव्या यंत्रावर उलटी गंमत. २०२३ च्या पायथॉन ३.१२ मधून पॅकेजेस बसवण्याचे ‘डिस्टयुटिल्स’ हे मॉड्यूल काढून टाकले, म्हणून त्यावर विसंबलेली जुनी पॅकेजेस अडून बसतात. बऱ्याचदा ‘सेटअपटूल्स’ हे पॅकेज टाकले की भागते. नाहीच भागले, तर पायथॉनची जुनी आवृत्ती शेजारी ठेवून त्या प्रकल्पापुरती वापरावी.

अशी कोडी चारचौघांत लवकर सुटतात. पायकॉन इंडिया ही पायथॉनची परिषद २००९ मध्ये बेंगळुरूत सुरू झाली, २०११ मध्ये पुण्यात भरली. या परिषदेतल्या ‘डेव्ह स्प्रिंट’मध्ये प्रकल्प सांभाळणारे आणि नवखे एकाच टेबलाभोवती बसून दोष दुरुस्त करतात. व्याख्याने काय, नंतर यूट्यूबवरही सापडतात. हे टेबल सापडत नाही.

पुण्यात असा मेळावा असेल, तर भंडारा रोडहून महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट तिथे जाते. अशा मेळाव्याला निघताना एररचा पूर्ण मजकूर, आवृत्ती क्रमांक आणि तो दोष दाखवणारा छोटासा कोड सोबत ठेवा. स्क्रीनचा अर्धवट फोटो कुणाच्याच कामाचा नसतो.