जागा कमी, तर पिल्लंही कमी

ॲक्सोलॉटलची मादी एका खेपेला काही शे अंडी घालते; कधी हा आकडा हजारापर्यंतही जातो. पाणवनस्पतींच्या पानांना आणि टाकीच्या काचेला चिकटलेल्या या अंड्यांतून साधारण दोन आठवड्यांत जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची, आरपार दिसणारी पिल्लं बाहेर येतात. ज्याच्या घरात एकच टाकी आहे, त्याच्यापुढे त्या दिवसापासून प्रश्न उभा राहतो : ही सगळी एकत्र वाढवायची, की वेगवेगळी करायची? बहुतेक जण हा प्रश्न लिटरमध्ये सोडवायला जातात. टाकी इतक्या लिटरची, म्हणून पिल्लं इतकी. हिशेब सरळ वाटतो, पण पहिल्या काही महिन्यांत तो लागू पडत नाही. या वयात पिल्लाला खरा धोका असतो तो शेजारच्या पिल्लाच्या तोंडाचा, आणि तो नुसती टाकी मोठी घेऊन टळत नाही. म्हणून जागा मर्यादित असेल, तर एकत्र की वेगळी हे ठरवण्याच्या आधी मुळात किती वाढवायची हे ठरवायला हवं. आणि त्याची वेळ अंडी असतानाच असते.

ॲक्सोलॉटल दुकानात माशांच्या शेजारी विकला जात असला, तरी तो मासा नव्हे. तो सॅलमँडर गटातला उभयचर आहे. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला सोचिमिल्को आणि चाल्को ही तळी त्याचं मूळ घर. चाल्कोचं पाणी काढून टाकण्यात आलं आणि सोचिमिल्कोचे आता मुख्यतः कालवेच उरले आहेत. तिथल्या पाहण्यांत १९९८ साली एका चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० ॲक्सोलॉटल असल्याचा अंदाज निघाला होता. २०१४ पर्यंत तो ३६ वर आला. पाळीव ॲक्सोलॉटलची गोष्ट नेमकी उलटी आहे. १८६४ मध्ये मेक्सिकोतून ३४ जिवंत ॲक्सोलॉटल पॅरिसला पोचले. त्यातले सहा प्राणिशास्त्रज्ञ ऑगस्त द्युमेरील यांच्या हाती आले, पुढच्याच वर्षी त्यांची वीण झाली आणि त्यांचे वंशज युरोपभरच्या प्रयोगशाळांमध्ये पसरले. अलीकडे, २०२१ मध्ये ‘माइनक्राफ्ट’ या खेळात ॲक्सोलॉटल आला आणि लहान मुलांच्या घरांतून त्याला मागणी येऊ लागली. सहा जनावरांतून एवढा वंश वाढू शकतो, हे लक्षात ठेवलं की घरातल्या एका जोडीपासून काय होऊ शकतं याची कल्पना येते.

पिल्लं एकमेकांना चावतात त्यामागे राग नसतो आणि हद्दीचं भांडणही नसतं. ॲक्सोलॉटलची नजर अधू असते; अन्न ओळखायला तो वासावर आणि पाण्यातल्या हालचालीवर भिस्त ठेवतो. कोवळ्या वयात तर तोंडासमोर जे हलेल ते खाद्य, एवढाच त्याचा नियम. पिल्लू तळाशी काडीसारखं निश्चल पडलेलं असतं. समोर काही वळवळलं की तोंड एकदम उघडतं, घसा फुगतो आणि पाण्याच्या ओढीबरोबर समोरची वस्तू आत खेचली जाते. ती डॅफ्निया हा पाण्यातला बारीक जीव असेल तर घास झाला. ती भावंडाचा पुढचा पाय असेल तर पिल्लू तो सोडत नाही, हिसके देतं, आणि पाय मनगटापासून तुटून येतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे हलणारे कल्ले आणि शेपटीचं टोक यांचीही हीच गत होते. पाय फुटू लागल्यावर हा प्रकार वाढतो. पिल्लू सहा-सात सेंटिमीटरचं झालं की तो ओसरू लागतो, पण संपत नाही. शिवाय एकाच दिवशी बाहेर आलेली पिल्लं सारख्या वेगाने वाढत नाहीत. ज्याला दोन घास जास्त मिळाले ते मोठं होतं, मोठं झालं म्हणून आणखी जास्त खातं, आणि काही आठवड्यांत त्याचं तोंड धाकट्याला सबंध गिळण्याइतकं होतं.

यावर सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर असं, की चावलं तर काय झालं, ॲक्सोलॉटलला नवा पाय फुटतोच. त्याची ही कीर्ती खोटी नाही. पाय, शेपूट, कल्ले, इतकंच काय, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचा आणि हृदयाचा भागही तो पुन्हा घडवतो. पण प्रयोगशाळेत धारदार पात्याने केलेला सरळ छेद आणि भावंडाने चघळून तोडलेला पाय यांत फरक आहे. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठात संशोधनासाठी ॲक्सोलॉटल पुरवणारं एक केंद्र आहे. तिथल्या जनावरांची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. पिल्लं गटातून काढून एकेकटी ठेवायची वेळ आली, तेव्हा त्यांतल्या ८० टक्क्यांच्या अंगावर चाव्याच्या खुणा होत्या. ७१७ प्रौढ जनावरं तपासली, तर जवळपास निम्म्यांच्या पायांत किंवा बोटांत दोष सापडला : कुठे बोट जास्त, कुठे कमी, कुठे दोन बोटं जुळलेली, कुठे बोट भलत्याच जागी उगवलेलं. चावा बसलेल्या पिल्लांपैकी चारही पाय धड असलेली प्रौढ जनावरं फक्त ४३ टक्के होतील, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. या केंद्रातल्या लोकांचं कामच ॲक्सोलॉटल वाढवण्याचं आहे. प्रयोगशाळेतली गटांची दाटी घरापेक्षा जास्त असू शकते, हे मान्य करू. तरीही ज्यांच्या हाताखाली इतक्या पिढ्या वाढल्या, त्यांना एकत्र ठेवून चावे टाळता आले नाहीत. मग आठवड्यातून दोनदा टाकीपुढे उभं राहणाऱ्याने ते टळतील असं गृहीत धरू नये.

दुसरं उत्तर असतं पोटभर खायला घालण्याचं. त्यात तथ्य आहे. दिवसातून दोनदा जिवंत आर्टेमिया किंवा डॅफ्निया मिळालेली पिल्लं उपाशी पिल्लांपेक्षा नक्कीच कमी चावतात. पण चावण्याचा चाप भुकेपेक्षा हालचालीने ओढला जातो, त्यामुळे खाद्य टाकल्याबरोबर जी झुंबड उडते तीच चावाचावीची मोठी वेळ ठरते. उरलेलं खाद्य कुजलं की पाण्यात अमोनिया वाढतो, म्हणजे चावे कमी करायला घातलेलं अन्नच पाणी बिघडवतं. भावंडं असल्याने एकमेकांना सांभाळून घेतील, ही आशाही फार टिकत नाही. ॲक्सोलॉटलचा जवळचा नातलग असलेल्या टायगर सॅलमँडरच्या काही पिल्लांचं डोकं रुंद आणि दात मोठे होतात, आणि ती आपल्याच जातीच्या पिल्लांवर जगतात. सख्ख्यांच्या गटात अशी पिल्लं कमी निपजतात आणि ती परक्यांना आधी खातात, असं १९९३ मधल्या अभ्यासात दिसलं. मात्र गर्दी वाढली की अशी पिल्लं जास्त तयार होतात, हे त्याच्या दहा वर्षं आधीच नोंदलं गेलं होतं. नात्याचा थोडाफार अटकाव होत असेल, पण दाटीपुढे त्यावर विसंबून राहता येत नाही. आणि एकट्याला करमणार नाही, ही काळजी तर अगदीच माणसाची आहे. ॲक्सोलॉटल कळपाने राहणारा प्राणी नाही. त्याला सोबतीची गरज असल्याचं काही दिसत नाही.

मग प्रत्येकाला वेगळं ठेवायला जागा कुठून आणायची? इथे लिटरचा हिशेब उलटा फिरतो. चार सेंटिमीटरच्या पिल्लाला काही आठवडे एक-दोन लिटरचा साधा प्लॅस्टिकचा डबा पुरतो. असे दहा डबे एका फळीवर मावतात. दहा पिल्लं एकमेकांच्या वाटेला जाणार नाहीत एवढी मोठी टाकी दिवाणखान्यात मावत नाही. आक्षेप येतो तो पाण्याचा, आणि तो रास्त आहे. मुरलेल्या टाकीतले जिवाणू अमोनिया पचवतात, डब्यात ती सोय नसते. म्हणून डब्यातलं पाणी रोज पूर्ण बदलावं लागतं, तेही क्लोरीन काढलेलं आणि तापमान जुळवलेलं. एका डब्याला हे पाच मिनिटांचं काम आहे, दहा डब्यांना जवळपास तासाचं, आणि शंभर डब्यांना घरात कोणीच करू शकणार नाही असं. त्यात तापमानाची भर. ॲक्सोलॉटलला १६ ते १८ अंश सेल्सियस मानवतं, २४ च्या वर त्याला त्रास होतो. मुंबईत किंवा नागपुरात नळाचं पाणीच वर्षातले कित्येक महिने त्याहून गरम असतं. पाणी गरम झालं की त्यात प्राणवायू कमी राहतो आणि अमोनिया जास्त घातक होतो. म्हणजे आपल्याकडे किती डबे गार ठेवता येतील, यावरच संख्या ठरते. घरातल्या जागेपेक्षा आपले हात, वेळ आणि गारवा आधी अपुरे पडतात.

टाकी एकच असेल, तर मधे जाळी किंवा भोकं पाडलेला पत्रा बसवून कप्पे करणं हा मधला मार्ग आहे. पाणी एकच राहतं, फिल्टर एकच चालतो आणि तोंडं वेगळी राहतात. मात्र जाळी काठापर्यंत घट्ट बसलेली हवी आणि भोकातून पिल्लाचा पाय पलीकडे जाता कामा नये, नाहीतर चावा जाळीतूनही बसतो. पिल्लं सात-आठ सेंटिमीटरची झाल्यावर एकत्र आणायची असतील तर सारख्या मापाचीच आणावीत, लपायला नळ्या आणि झाडोरा द्यावा, प्रत्येकाला चिमट्याने वेगळं भरवावं आणि एकाचा जरी पाय तुटला तरी त्या दिवशीच वेगळं करावं. पुढची अडचणही आत्ताच पाहून ठेवावी. नर-मादी ओळखू यायला साधारण वर्ष लागतं. तोवर एकत्र वाढलेली दोघं नर आणि मादी निघाली, तर ती सख्खी असूनही वीण होते. वारंवार अंडी घालून मादी खंगते, आणि सुरुवातीचा प्रश्न कित्येक पटींनी परत येतो. शिवाय वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या एका प्रौढ ॲक्सोलॉटललाच निदान ७५ लिटर पाणी लागतं.

निसर्गातही बहुतेक पिल्लं मरतातच, मग टाकीतल्या चावाचावीला एवढं महत्त्व कशाला, असं कोणी विचारेल. कालव्यातल्या पिल्लाला पळायला वाट असते, दडायला पाणवनस्पती असतात, आणि त्याला तिथे कोणी आणून ठेवलेलं नसतं. टाकीतली गर्दी आपण केलेली असते. ती कमी करायचा सगळ्यात सौम्य क्षण म्हणजे अंडी घातल्यानंतरचे पहिले एक-दोन दिवस. तेव्हा नको असलेली अंडी गोठवून टाकणं हे नंतर रोज अर्धवट खाल्लेली पिल्लं उचलण्यापेक्षा कितीतरी बरं. पिल्लं वाढवून तलावात किंवा नदीत सोडून देणं तर कोणत्याही परिस्थितीत करू नये. भारतात आणखी एक जबाबदारी आहे : ॲक्सोलॉटल वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराबाबतच्या ‘साइटीस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याची नोंदणी करावी लागते, आणि पिल्लं झाली की तीही कळवावी लागतात. तेव्हा आधी आपल्याला रोज किती डबे धुता येतील ते मोजा, प्रौढ झाल्यावर कितींना घर देता येईल ते मोजा, आणि दोहोंतला लहान आकडा धरा. तेवढीच अंडी ठेवा, आणि त्यातून निघालेली पिल्लं वेगळी वाढवा.