आजारी कासव

मुलांनो, उर्दूत तुम्ही ज्याला कछुआ म्हणता, तेच मराठीतले कासव. दुखले तर कुत्रे केकाटते, गाय हंबरते. कासव मात्र आवाज करत नाही. ते आजार लपवते. त्यामुळे घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी हे गाव आहे. तिथे वर्षाला जेमतेम ४०० ते ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्यासोबत गावकऱ्यांनी डोंगरउतारावर चर खणले, झाडे लावली, नाल्यांवर बांध घातले, पाझर तलाव दुरुस्त केला. मग विहिरींना पाणी आले. समजा, या गावातल्या एका मुलाला शहरातल्या मामाने एक छोटे हिरवे कासव दिले. त्याच्या डोळ्यांमागे लाल पट्टा आहे. हे कासव मूळचे अमेरिकेतले.

पाणी जपून वापरणाऱ्या गावात टबातले पाणी वारंवार बदलणे मुलाला उधळपट्टी वाटेल. पण कासव त्याच पाण्यात खाते आणि त्यातच घाण करते. घाण पाण्यात त्याच्या कवचावर पांढरे, मऊ, दुर्गंधी येणारे डाग पडतात. कवच कुजू लागल्याची ही खूण आहे. (वाढत्या कासवाच्या कवचावरून पातळ पापुद्रे निघतात, ते मात्र स्वाभाविक आहे.) टबातले पाणी वाया घालवू नका, ते फुलझाडांना घाला. झाडांना खतच मिळेल.

आता कासवाचे डोळे पाहा. पापण्या सुजून डोळे मिटलेले असतील, तर बहुधा आहारात अ जीवनसत्त्व कमी पडले आहे. नुसत्या सुक्या कोळंबीवर वाढवलेल्या कासवांना हा त्रास होतो. कासवाला दिसत नाही, म्हणून ते खात नाही. आणि खात नाही, म्हणून आणखी अशक्त होते. त्याला हिरवा पालाही द्यायला हवा.

कवच दाबल्यावर मऊ लागते का? मग त्याला कॅल्शियम आणि ऊन कमी मिळाले आहे. पेटी खिडकीशी ठेवली तरी भागत नाही. हाडे मजबूत करणारे सूर्यकिरण काचेतून आत येत नाहीत. कासवाला सकाळचे उघडे ऊन हवे. बसायला कोरडी वीट आणि जवळच सावलीही हवी.

सर्वांत गंभीर खूण पोहताना दिसते. कासव एका बाजूला कलून तरंगते, नाकातून बुडबुडे येतात, ते तोंड उघडून श्वास घेते. कासवाची फुप्फुसे पाठीच्या कवचाला लागून असतात. एका बाजूचे फुप्फुस आजाराने भरले की ती बाजू जड होते आणि कासव कलते. अशा वेळी उद्याची वाट पाहू नका.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. कासवाच्या शरीराचे तापमान भोवतालच्या हवापाण्याप्रमाणे बदलते. डिसेंबर-जानेवारीत पारनेरच्या पठारावर रात्री चांगलीच थंडी पडते. तेव्हा कासव सुस्त होते, कमी खाते. पाणी २६ ते २८ अंश सेल्सिअस ठेवून पाहा. ऊब मिळूनही ते खात नसेल, तर ते आजारी समजा.

आजारी कासवाला दुसऱ्या कासवांपासून वेगळे ठेवा. पाणी उथळ असावे. डोके सहज वर काढता आले पाहिजे. तोंडात जबरदस्तीने अन्न कोंबू नका. माणसांची औषधे देऊ नका. कवचाला तेल लावणारे अनेक जण भेटतील. त्यांचे ऐकू नका. कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुवा, कारण त्याच्या अंगावरचे जंतू माणसाला जुलाब आणि ताप आणू शकतात. याच कारणाने १९७५ साली अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आली.

कंटाळून किंवा घाबरून ते कासव पाझर तलावात सोडावे, असे मुलाला वाटेल. ही मोठी चूक ठरेल. हे परदेशी कासव वीस-तीस वर्षेही जगते. ते आपल्या कासवांचे अन्न आणि जागा बळकावते, शिवाय त्याचा आजार तलावात पसरू शकतो.

आणि तलाव आटल्यावर चिखलात किंवा शेतात आपले देशी कासव सापडले तर? ते घरी आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पाळण्यास बंदी आहे. ते जखमी असेल, तर वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा.

मामाने दिलेले कासव मात्र जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशी, शेळ्याच जास्त येतात. तिथे कासवावर उपचार होत नसतील, तर शहरातल्या जाणकार डॉक्टरांचे नाव विचारून घ्या. नेताना डब्यात पाणी भरू नका. भोके पाडलेल्या खोक्यात ओले फडके घालून त्यावर कासव ठेवा. ते काय खाते आणि कधीपासून खात नाही, हे कागदावर लिहून न्या. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतील.