अनेक अटींची बेरीज : मालवण किनाऱ्यावरील मासळीच्या नोंदींच्या आधारे

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, विशेषतः मालवण तालुक्यात, रापण ओढणारे पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीन जाळी वापरणारे नौकामालक यांच्यातील वाद जुना आहे. महाराष्ट्र शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश काढून पर्ससीन मासेमारीस १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढीच मुदत ठेवली, तरी तो शमला नाही. या वादात विचारले जाणारे प्रश्न नीट पाहिले, तर ते बहुधा एकाच घडणीचे असतात. अमुक हंगामात, अमुक बंदरावर, अमुक जाळ्याने अमुक मासा किती उतरला? प्रश्नात अटी चार आणि बेरीज एक. आपले विद्यार्थी अशी उत्तरे स्प्रेडशीटवर काढतात. ती काढताना नेमके काय घडते आणि उत्तर कोठे निसटते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचनासाठी सहा ओळींचे एक छोटे कोष्टक घेऊ. त्यातील आकडे कल्पित आहेत. वजन किलोग्रॅममध्ये आहे.

(१) ५ सप्टेंबर २०२३, मालवण, रापण, बांगडा, १४०
(२) ३ ऑक्टोबर २०२३, मालवण, पर्ससीन, बांगडा, २६००
(३) २० डिसेंबर २०२३, मालवण, रापण, बांगडा, ३१०
(४) ९ जानेवारी २०२४, देवगड, रापण, बांगडा, ९०
(५) १४ फेब्रुवारी २०२४, मालवण, रापण, तारली, २२०
(६) ३१ मे २०२४, मालवण, रापण, बांगडा, ७५

मालवण बंदरावर रापणीने आलेला बांगडा किती? पहिली, तिसरी आणि सहावी या ओळी निवडून १४०, ३१० व ७५ यांची बेरीज ५२५ येते. सहा ओळींत हे काम डोळ्यांनी होते. साठ हजार ओळींत ते यंत्राने करावे लागते, आणि यंत्राला ‘निवडणे’ म्हणजे काय हे अंकांतच सांगावे लागते.

त्याची युक्ती साधी आहे. प्रत्येक ओळीस प्रत्येक अट लावावी. अट पुरी झाली तर १ आणि न झाली तर ० लिहावा. मग त्या ओळीपुरते हे सर्व अंक एकमेकांशी गुणावेत आणि गुणाकाराने वजनास गुणावे. एकही अट चुकली की गुणाकार शून्य होतो आणि ती ओळ बेरजेतून आपोआप गळते. दुसऱ्या ओळीत बंदर व मासा यांसाठी १ मिळतो, जाळ्यासाठी ० मिळतो. म्हणून २६०० किलोंचा मोठा आकडाही नाहीसा होतो. तर्कशास्त्रातील ‘आणि’ हा शब्द शून्य व एक यांच्या जगात गुणाकारच असतो, ही जॉर्ज बूल याने १८५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातील दृष्टी होय. संचांच्या भाषेत हाच छेद, आणि संभाव्यताशास्त्रात ज्याला आपण दर्शक फलन म्हणतो ते हेच शून्य-एकाचे फलन.

एक्सेलमध्ये ‘समप्रॉडक्ट’ हे सूत्र ही कृती जशीच्या तशी करते. ‘समइफ्स’ हे सूत्र २००७ च्या आवृत्तीत आले; लिब्रेऑफिसमध्ये ते २०१३ मध्ये आले. त्यापूर्वीचे ‘समइफ’ हे सूत्र एकच अट घेई, आणि अटी अधिक असल्यास बंदर, जाळे व मासा यांची नावे एका जादा रकान्यात जोडून त्या जोडनावावर अट लावण्याची रीत होती. नव्या सूत्रात १२७ पर्यंत अटींच्या जोड्या देता येतात. एक भेद मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. जुन्या सूत्रात बेरजेचा रकाना शेवटी येतो, नव्यात तो सर्वांत आधी येतो. शिवाय नव्या सूत्रात सर्व रकान्यांची लांबी समान असावी लागते. नसल्यास ते चूक दाखवून थांबते. जुने सूत्र अशा वेळी थांबत नाही, भलतेच उत्तर देते.

‘किंवा’ची गोष्ट निराळी आहे. मालवणात रापणीने आलेला बांगडा किंवा तारली किती, असे विचारल्यास दोन बेरजा स्वतंत्र काढून मिळवाव्यात : ५२५ आणि २२० मिळून ७४५. हे बरोबर आहे, कारण एकच नोंद दोन्ही माशांची असू शकत नाही. आता प्रश्न बदलू. मालवण बंदरावर आलेली किंवा रापणीने धरलेली मासळी किती? मालवणची बेरीज ३३४५, रापणीची ८३५, मिळून ४१८०. परंतु कोष्टकातील सर्व मासळीच अवघी ३४३५ किलो आहे! जी मासळी मालवणची आणि रापणीचीही आहे, ती ७४५ किलो मासळी दोनदा मोजली गेली. ती वजा केली की ३४३५ हे योग्य उत्तर मिळते. येथे उत्तर एकूण बेरजेच्याही पुढे गेल्याने चूक ध्यानात आली. मोठ्या कोष्टकात दोनदा मोजलेला भाग एकूण बेरजेच्या आत सहज लपतो.

यापुढचा भाग दिनांकांचा. प्रबंधांतील बहुतेक चुका येथेच होतात, असे माझे मत आहे. मासेमारीचे वर्ष आणि पंचांगाचे वर्ष एक नव्हे. २०२३ व २०२४ या दोन्ही वर्षी महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस पावसाळी बंदीचे होते. म्हणजे हंगाम १ ऑगस्ट २०२३ ला सुरू होऊन ३१ मे २०२४ ला संपला. ‘वर्ष २०२३’ अशी अट लावल्यास हंगाम मधोमध तुटतो आणि आपल्या बांगड्याची बेरीज ४५० येते. म्हणून एकाच दिनांकाच्या रकान्यावर दोन अटी हव्यात, एक खालची व एक वरची. एक्सेलच्या लेखी दिनांक हा १ जानेवारी १९०० पासून मोजलेला दिवसांचा क्रमांक असतो : १ ऑगस्ट २०२३ म्हणजे ४५१३९, ३१ मे २०२४ म्हणजे ४५४४३. सहावी नोंद सकाळी ७ वाजता केली असून वेळही त्याच चौकोनात लिहिली असेल, तर तिचा क्रमांक ४५४४३ हून अपूर्णांकाने मोठा होतो. आणि ‘३१ मे किंवा त्यापूर्वी’ ही अट तिला बाहेर ठेवते. बेरीज पुन्हा ४५०. दोन अगदी भिन्न चुका, उत्तर एकच! वरची अट ‘१ जूनच्या आधी’ अशी घातली की ही अडचण उरत नाही. तुलनेचे चिन्ह अवतरणांत लिहावे व दिनांकाचा चौकोन त्यास बाहेरून जोडावा. चौकोनाचे नावही अवतरणांत गेले, तर यंत्र त्याला अक्षरे समजते आणि शून्य देते.

शून्य देते, चूक दाखवत नाही. अटींत बसणारी एकही ओळ नसेल तर ‘समइफ्स’ निमूटपणे शून्य लिहिते. मासा आला नाही म्हणून शून्य की नाव जुळले नाही म्हणून शून्य, हे त्यावरून कळत नाही. नावे तर आपल्याकडे जुळतच नाहीत. एक जण ‘रापण’ लिहितो, दुसरा ‘रांपण’. पुण्यामुंबईची सुरमई किनाऱ्यावर इसवण होते, कोळंबीची सुंगटे होतात. ‘मालवण’ या शब्दापुढे चुकून एक मोकळी जागा टंकली गेली तरी डोळ्यांना ती दिसत नाही, यंत्राला दिसते. श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांतून आलेल्या फायली पडद्यावर वाचनीय असल्या तरी त्यांच्या पोटात युनिकोडची देवनागरी अक्षरे नसतात. वजनाच्या रकान्यात कोणी ‘१४० किलो’ असे एककासह लिहिले, तर ती नोंद मजकूर ठरते आणि ‘समइफ्स’ ती बेरजेतून वगळते. वजनाचा रकाना थेट गुणाकारात घेतलेले ‘समप्रॉडक्ट’ अशा वेळी चूक दाखवून अडते. अडणारे सूत्र विद्यार्थ्यांना त्रासदायक वाटते. संशोधकाने मात्र पहिल्या तपासणीसाठी तेच पसंत करावे. नावांचे एकीकरण बेरजेपूर्वी, वेगळ्या रकान्यात करावे आणि मूळ नोंद जशीच्या तशी राहू द्यावी. ‘इसवण’ हा शब्द पुसून ‘सुरमई’ लिहिणाऱ्याने माहितीचा एक भाग कायमचा गमावलेला असतो.

बेरीज यांत्रिकदृष्ट्या निर्दोष असली तरी तिचा अर्थ वेगळा प्रश्न आहे. १९४७ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था प्रत्येक होडी मोजत नाही. स्तरित, बहुपदी यादृच्छिक नमुन्यावरून ती अंदाज काढते. अशा नोंदींतील एक ओळ अनेक होड्यांची प्रतिनिधी असते, म्हणून वजनास तिच्या विस्तार-गुणकाने गुणूनच बेरीज घ्यावी लागते. ‘समप्रॉडक्ट’मध्ये हा गुणक आणखी एक अवयव म्हणून सहज बसतो, ‘समइफ्स’साठी गुणिलेले वजन वेगळ्या रकान्यात आधी तयार ठेवावे लागते. अटी वाढत जातात तसतशी प्रत्येक बेरजेमागील नोंदींची संख्या घटते. आपल्या कोष्टकात देवगडच्या रापणीचा बांगडा एकाच ओळीवर उभा आहे, आणि तेवढ्यावरून देवगडविषयी काही म्हणणे धाडसाचे ठरेल. त्यासाठी ‘काउंटइफ्स’ हे सूत्र त्याच अटींनी चालवून नोंदींची संख्या बेरजेच्या शेजारीच छापावी. तसेच सर्व बंदरे, सर्व जाळी व सर्व मासे यांच्या प्रत्येक जुळणीची बेरीज काढून ती अटीविना घेतलेल्या एकूण बेरजेशी ताडून पाहावी. फरक पडला, तर तो बहुधा एखाद्या ‘रांपणी’त किंवा मोकळ्या जागेत सापडतो.