लष्करी व व्यापारी काडतुसांतील साम्यभेद : तांत्रिक व वैधानिक विवेचन

प्रस्तावना

शस्त्र परवान्याचा प्रश्न बीड जिल्ह्याला नवा नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातील मस्साजोग येथील सरपंचाच्या हत्येनंतर मात्र तो राज्यभर चर्चिला गेला आणि जिल्हा प्रशासनाने परवान्यांची फेरतपासणी हाती घेतली. या चर्चेत परवान्यांच्या संख्येविषयी बरेच बोलले गेले. परवान्यावर नोंदलेल्या 'बोअर' या शब्दाचा अर्थ मात्र क्वचितच कोणी स्पष्ट केला. वस्तुतः शस्त्र कायदेशीर की बेकायदेशीर, सुरक्षित की धोकादायक, हे पुष्कळदा याच शब्दावर ठरते. दिसायला जवळजवळ सारख्या असणाऱ्या लष्करी व व्यापारी काडतुसांत नेमका भेद कोणता आणि भारतीय कायद्याने तो कसा हाताळला आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

एकाच मापाची दोन काडतुसे

या संदर्भातील प्रसिद्ध जोडी म्हणजे .३०८ विंचेस्टर आणि ७.६२ × ५१ मि.मी. नाटो. अमेरिकेतील विंचेस्टर कंपनीने पहिले काडतूस १९५२ मध्ये शिकारी व नेमबाजांसाठी बाजारात आणले. दुसऱ्याला नाटो राष्ट्रांनी १९५४ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारले. बाहेरील मापे पाहता दोन्ही एकच वाटतात आणि एकाच्या चेंबरमध्ये दुसरे सहज बसते. भेद आहे तो चेंबरच्या मुभेत, पुंगळीच्या जाडीत आणि दाबाच्या मोजणीत.

सर्वाधिक गोंधळ दाबाविषयी आहे. व्यापारी काडतुसाची कमाल मर्यादा दर चौरस इंचास ६२,००० पौंड आणि लष्करी काडतुसाची ५०,००० पौंड, असे आकडे शेजारी शेजारी छापलेले आढळतात. ते वाचून व्यापारी काडतूस बारा हजार पौंडांनी अधिक प्रखर असल्याचा निष्कर्ष काढला जातो. तो चुकीचा आहे, कारण हे दोन आकडे दोन वेगळ्या पद्धतींनी मोजलेले आहेत. जुन्या पद्धतीत तांब्याचा छोटा दंडगोल दाबाखाली किती चेंगरला हे मोजून दाबाचा अंदाज करीत. तांब्याला चेंगरण्यास वेळ लागतो आणि स्फोटाचा शिखरबिंदू सेकंदाच्या हजारांशाहूनही कमी काळ टिकतो. म्हणून त्या पद्धतीत आकडा कमी येतो. नव्या पद्धतीत दाबविद्युत स्फटिकाचा संवेदक वापरला जात असल्याने खरे शिखर नोंदले जाते. जुन्या तांब्याच्या पद्धतीनेच व्यापारी काडतुसाची मर्यादा सुमारे ५२,००० येते. म्हणजे बारा हजारांचे अंतर दोन हजारांवर उतरते. एकक न पाहता आकड्यांची तुलना केल्यास काय होते, याचे हे उदाहरण भौतिकशास्त्राच्या वर्गात सांगण्याजोगे आहे.

खरा भेद हेडस्पेसमध्ये आहे. बोल्टच्या मुखापासून चेंबरच्या उतारावरील ठराविक बिंदूपर्यंतचे हे अंतर होय. व्यापारी रायफलीत ते किमान १.६३० इंच असते आणि १.६३८ इंचांपलीकडे गेल्यास रायफल वापरातून काढावी असे मानतात. लष्करी रायफलीत ही अखेरची मर्यादा १.६४५५ इंच आहे. चिखल, धूळ आणि तापलेली नळी अशा स्थितीतही काडतूस अडकू नये, म्हणून सैन्य ही सैल मुभा ठेवते आणि तिची भरपाई जाड भिंतीच्या पुंगळीने करते. अशा सैल चेंबरमध्ये पातळ भिंतीची व्यापारी पुंगळी उडविल्यास ती अधिक ताणली जाते व बुडाजवळ फाटू शकते. तसे झाल्यास तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याच्या दिशेने मागे येतो. याखेरीज लष्करी प्रायमर घट्ट बसविलेला असतो आणि गोळी पूर्णतः धातूच्या आवरणात असते. शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांवर १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने निर्बंध घातले. त्या गोळ्यांना कलकत्त्याजवळील डमडम कारखान्याचेच नाव मिळाले आहे.

५.५६ मि.मी. नाटो आणि .२२३ रेमिंग्टन या जोडीत धोक्याची दिशा उलटी आहे. तेथे लष्करी काडतूस व्यापारी चेंबरमध्ये घालणे घातक ठरते, कारण त्या चेंबरमध्ये गोळी व रायफलिंगचे आटे यांच्यातील मोकळी जागा कमी असते आणि दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. 'लष्करी तेच दणकट' किंवा 'व्यापारी तेच सौम्य' असा सरसकट नियम म्हणूनच करता येत नाही.

भारतीय उदाहरण : इशापूरची रायफल

१९६२ च्या चीन युद्धानंतर पश्चिम बंगालमधील इशापूर रायफल कारखान्याने ली-एनफिल्ड बनावटीची जुनी बोल्ट रायफल ७.६२ मि.मी. नाटो काडतुसासाठी नव्याने घडविली. ती 'टू-ए' व पुढे 'टू-ए-वन' या नावांनी ओळखली जाते. मूळ रचना थ्री नॉट थ्रीच्या कमी दाबासाठी होती. म्हणून पोलादाची प्रत सुधारण्यात आली. यांपैकी पुष्कळ रायफली पुढे परदेशी संग्राहकांकडे गेल्या आणि त्यांत .३०८ उडवावे की नाही, हा वाद तेथे आजही चालतो. रायफल ज्या काडतुसासाठी घडविली व तपासली गेली, तेच तिच्यात वापरावे, ही भूमिका अधिक ग्राह्य वाटते. शिवाय बाजारातील .३०८ च्या डब्यांत गोळीचे वजन व दारूचा प्रकार यांत फार विविधता आढळते. लष्करी काडतुसाबाबत ही अनिश्चितता नसते.

अशा लष्करी काडतुसांच्या निर्मितीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, तर जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना १९६४ चा. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाल्यावर हे दोन्ही कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आले. पुंगळीच्या बुडावरील 'केएफ' हा ठसा खडकीचा (किर्की हे तिचे इंग्रजी अमदानीतील नाव), तर 'ओएफव्ही' हा वरणगावचा.

कायद्याची कसोटी

परदेशी नेमबाजापुढील हा पर्याय भारतीय परवानाधारकापुढे उभाच राहत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ अन्वये केलेल्या १९६२ च्या नियमांनी .३०३ व ७.६२ मि.मी. बोअरच्या रायफली तर प्रतिबंधित ठरविल्याच. शिवाय या मापांची लष्करी काडतुसे ज्यांत बसून उडू शकतील अशा अन्य बोअरच्या रायफलीही त्यांत घातल्या. ही शब्दयोजना विचारपूर्वक केलेली दिसते. शस्त्रावर कोणते नाव कोरले आहे याला तीत महत्त्व नाही. चेंबरमध्ये काय बसते, एवढेच पाहिले जाते. त्यामुळे नाव व्यापारी असले तरी .३०८ ची रायफल प्रतिबंधित वर्गात जाते. २०१६ मध्ये नवे नियम आले, तरी प्रतिबंधित व अप्रतिबंधित हा भेद कायम राहिला.

इशापूरची नागरी रायफल .३१५ बोअरची का, याचे उत्तरही येथेच सापडते. तिची पुंगळी ५० मि.मी. लांब व रुंद आहे, तर थ्री नॉट थ्रीची ५६ मि.मी. लांब व तुलनेने अरुंद. एकीचे काडतूस दुसरीत बसत नाही आणि सरकारी भांडारातून चोरलेला दारूगोळा नागरी रायफलीस निरुपयोगी ठरतो. व्यापारी व लष्करी काडतुसे जाणीवपूर्वक विजोड ठेवण्याची ही रीत ब्रिटिश अमदानीपासूनची आहे. प्रजेच्या हाती सैन्याचे काडतूस जाऊ नये, ही राज्यकर्त्यांची चिंता स्वातंत्र्यानंतरही बदलली नाही, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

तपास यंत्रणेच्या दृष्टीने हा भेद अधिकच गंभीर आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्र किंवा प्रतिबंधित दारूगोळा बेकायदा बाळगल्यास किमान सात आणि कमाल चौदा वर्षे कारावासाची तरतूद आहे. अशा वेळी पंचनाम्यात नुसते '७.६२ ची पुंगळी' एवढेच लिहिणे अपुरे ठरते. एके-४७ चे काडतूसही ७.६२ मि.मी.चेच, परंतु त्याची पुंगळी ३९ मि.मी. लांब असते, स्वयंभरण रायफलीच्या काडतुसाची ५१ मि.मी. व्यास जवळपास तोच असला तरी काडतूस वेगळे, शस्त्र वेगळे आणि त्याचा माग लावण्याची वाटही वेगळी. गावठी कट्ट्याचे चेंबर तर कोणत्याच प्रमाणाला धरून कोरलेले नसते. त्यातून उडालेली पुंगळी फुगलेली वा फाटलेली मिळते आणि तिच्या बाह्य मापावरून बोअर ठरविणे कठीण होते. अशा प्रसंगी बुडावरील ठसा, कडेचा प्रकार व पुंगळीची लांबी या तीन बाबी पंचनाम्यातच नोंदविल्या गेल्या, तर न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल येण्यापूर्वीच गुन्ह्याचे कलम निश्चित करण्यास आधार मिळतो.