शिबिर उठल्यानंतर

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, देशातील ३७ विद्यापीठांत सुरू झाली. छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतही तिची पथके आहेत. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि दत्तक गावी सात दिवसांचे शिबिर, असे या योजनेचे स्वरूप आहे. स्वयंसेवक मिळविणे त्यामुळे फारसे अवघड जात नाही. अडचण पुढे येते. श्रमदानातून बंधारा उभा राहतो, शिबिर उठते, विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातो. बंधाऱ्यातील गाळ काढण्यास मात्र कोणी उरत नाही. यात विद्यार्थ्याचा दोष नाही. त्याची मुदतच तेवढी असते. टिकणारा स्वयंसेवक गावातलाच असावा लागतो.

या बाबतीत बीड जिल्ह्याच्या सीमेलगतच्या जामखेडचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. आरंभी प्रशिक्षित परिचारिका गावोगाव धाडण्यात आल्या; परंतु त्या परक्या ठरल्या. तेव्हा गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी, असे ठरले. निवडलेल्यांपैकी अनेक जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातील होत्या. वेतन नव्हते, तरी पुष्कळ जणी वर्षानुवर्षे टिकल्या. नियमितपणे जामखेडला जमून त्या नवे शिकत, परस्परांच्या अडचणी ऐकत. चरितार्थासाठी लहान उद्योगास साहाय्यही मिळे. ज्यांना पूर्वी कोणी विचारीत नसे, त्यांचा सल्ला गाव घेऊ लागले. हा मान कोणत्याही प्रमाणपत्राहून मोठा होता. आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार लाभला.

तथापि, सेवाभावाला मर्यादा आहेत. २००५ पासूनच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील ‘आशा’ महाराष्ट्रात स्वयंसेविका म्हणविल्या जातात. मोबदलावाढीसाठी त्यांना २०२३ मध्ये संप करावा लागला. रोजचे, नोंदवह्यांचे आणि जबाबदारीचे काम सोपवावयाचे व नाव स्वयंसेवेचे ठेवावयाचे, हे फार काळ चालत नाही.

ग्रामपंचायतींनी शिबिरापूर्वीच गावातील दोन-तीन तरुण-तरुणी विद्यार्थ्यांबरोबर कामास जोडून द्याव्यात. प्रत्येकाचे काम आणि त्याची मुदत आधी ठरवावी, प्रवासखर्च पदरचा करावयास लावू नये, आणि महिन्यातून एक दिवस त्यांच्या बैठकीसाठी राखून ठेवावा. त्या बैठकीस शाळेचे शिक्षक उपस्थित राहिल्यास शिकण्याचा भाग आपोआप साधतो. बंधाऱ्याची पहिली पाहणी पावसाळा संपताच याच मंडळींनी करावी आणि तिचा वृत्तांत ग्रामसभेपुढे त्यांनीच वाचावा.